तुमचे प्रश्न: ब्रिटनमध्ये वंशवादी बोलणाऱ्याला जाब कोण विचारतं?

प्रश्न: भाऊ, ऋषी सुनक पंतप्रधान झाले तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले होते. आता त्यांच्याच पक्षाच्या नेत्या केमी बेडनॉक आहेत, त्या काळ्या आहेत. म्हणजे तिकडचा वंशवाद संपल्यातच जमा ना? मग त्या डायन ॲबट बाईंच्या बातम्या अजून का येतात, काय प्रकरण आहे ते?
(एक वाचक, चोपडा)

उत्तर: नाही दादा, संपला नाही. आपले दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून अवघ्या ५ मतांनी निवडून आले, त्याच्या चार वर्षं आधी तिकडचे पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी जाहीर सभेत म्हणाले होते की इंग्रज मतदार एका काळ्या माणसाला निवडून देतील असं वाटत नाही. दादाभाई निवडून आले, पण म्हणून सॅलिसबरींची विचारसरणी त्या दिवशी संपली असं कोणी म्हणेल का. खुर्चीवर कोण बसलंय एवढं बघून भागत नाही, त्या खुर्चीवरून आपल्याच पक्षाच्या माणसाला जाब विचारला जातो का ते बघावं लागतं, आणि ॲबट यांच्या प्रकरणात नेमकं तेच दिसतं.

डायन ॲबट १९८७ मध्ये निवडून आल्या, ब्रिटनच्या पार्लमेंटमधल्या पहिल्या काळ्या महिला खासदार. मार्च २०२४ मध्ये गार्डियनने बातमी छापली की फ्रँक हेस्टर नावाचा एक उद्योगपती २०१९ मध्ये स्वतःच्या कंपनीच्या मीटिंगमध्ये बोलला होता की या बाईंना बघितलं की सगळ्या काळ्या बायकांचा द्वेष करावासा वाटतो, आणि यांना गोळी घातली पाहिजे. हा हेस्टर म्हणजे कोणी ऐरागैरा नाही, त्याची कंपनी सरकारी दवाखान्यांना सॉफ्टवेअर पुरवते आणि २०२३ या एका वर्षात त्याच्याकडून सुनक यांच्या कन्झर्वेटिव्ह पक्षाला १ कोटी पौंडांची देणगी गेली होती. बोललो ते उद्धट होतं पण त्याचा रंगाशी किंवा बाई असण्याशी संबंध नव्हता, असं म्हणून त्याने माफी मागितली.

आता सुनक साहेबांचं बघा. पहिल्या दिवशी त्यांच्या सरकारने हे बोलणं चुकीचं आहे असं म्हटलं पण वंशवादी म्हणायला तयार नव्हते, मंत्रिमंडळातून बेडनॉक बाईंनी उघड तसं म्हटलं आणि मग त्याच संध्याकाळी पंतप्रधानांच्या ऑफिसातूनही तो शब्द आला. बेडनॉक यांना याचं श्रेय द्यायला पाहिजे. पण पैसे? पैसे परत केले नाहीत. सुनक म्हणाले हेस्टरने माफी मागितली, ती स्वीकारली पाहिजे. आता गोळी घाला असं ज्यांच्याबद्दल बोललं गेलं त्या ॲबट, मग माफी स्वीकारायची की नाही हे सुनक कसं ठरवणार? मला हे अजिबात पटलेलं नाही.

आणि त्याच आठवड्यात, १३ मार्चला, पंतप्रधानांना प्रश्न विचारायचा तास होता. सगळी चर्चा ॲबट यांच्यावरच. तिकडे ज्याला बोलायचं असेल तो जागेवर उभा राहतो आणि सभापतींचं लक्ष जाण्याची वाट बघतो, तर या बाई, सत्तरीच्या, चाळीसहून जास्त वेळा उठल्या आणि बसल्या, उठल्या आणि बसल्या, पण सभापतींनी त्यांचं नाव पुकारलं नाही. वेळ संपला असं कारण दिलं गेलं. दोन्ही बाजूचे नेते त्यांच्या नावाने एकमेकांवर तुटून पडत होते आणि बाई शेवटपर्यंत तोंड उघडू शकल्या नाहीत. ती क्लिप मिळाली तर बघाच.

प्रश्न: पण ॲबट यांनी पण काहीतरी चुकीचं लिहिलं होतं असं वाचलं. मग त्यांच्याच लेबर पक्षाने कारवाई केली तर बिघडलं कुठे?
(एक वाचक, जळगाव)

उत्तर: चुकीचं लिहिलंच होतं ताई, आणि साधं चुकीचं नाही. एप्रिल २०२३ मध्ये त्यांचं पत्र ऑब्झर्व्हर या पेपरात छापून आलं, त्यात म्हटलं होतं की ज्यू, आयरिश आणि भटक्या समाजाच्या लोकांना पूर्वग्रह सोसावा लागतो पण काळ्या लोकांसारखा जन्मभराचा वंशवाद नाही. ज्या ज्यू समाजाची माणसं लाखोंनी मारली गेली त्यांच्याबद्दल असं लिहिणं जखमेवर मीठ चोळणंच झालं. त्यांनी त्याच दिवशी पत्र मागे घेतलं, माफी मागितली. पक्षाने व्हिप काढून घेतला, म्हणजे खासदारकी राहते पण पक्षाच्या गटाबाहेर अपक्षासारखं बसायचं, आणि व्हिप परत मिळाल्याशिवाय पक्षाचं तिकीट नाही. इथपर्यंत बरोबर.

बिघडलं ते पुढे. चौकशी डिसेंबर २०२३ मध्येच आटोपली होती हे नंतर कळलं, तरी व्हिप परत मिळाला मे २०२४ च्या शेवटी, निवडणूक जाहीर झाल्यावर आणि पेपरांत बोंब उठल्यावर. मधले पाच महिने काय चाललं होतं? त्याच पक्षाच्या खासदार रूपा हक यांनी २०२२ मध्ये तेव्हाचे कन्झर्वेटिव्ह अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांना वरवरचे काळे म्हटलं, त्या सहा महिन्यांत परत आत. लेबरचेच खासदार नील कॉइल चिनी वंशाच्या पत्रकाराला वंशवादी बोलले, त्यांना पंधरा महिने लागले. कोणाला किती दिवस बाहेर ठेवायचं याला काही माप आहे असं यातून दिसत नाही, कोण गैरसोयीचं आहे त्यावर ठरतं असंच वाटतं. ॲबट यांना २०२५ मध्ये पुन्हा बाहेर काढलं, एका रेडिओ मुलाखतीत त्या पत्राबद्दल पश्चात्ताप नाही असं बोलल्या म्हणून. माफी मागून नंतर असं बोलायला नको होतं, हे पण मी म्हणेन.

मूळ दुखणं असं की तक्रार पक्षाकडे, चौकशी पक्षाची, निकाल पक्षाचा. विकास सोसायटीच्या सेक्रेटरीनेच सोसायटीचं ऑडिट करायचं, आणि मग सभासदांनी विश्वास ठेवायचा. लेबरमध्ये ज्यू लोकांविरुद्धच्या द्वेषाच्या तक्रारी वर्षानुवर्षं नीट हाताळल्या गेल्या नाहीत, तिथे बाहेरची संस्था, समता आणि मानवी हक्क आयोग, आत शिरली तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२० मध्ये लेखी निष्कर्ष आला की पक्षाने कायदा मोडलाय आणि नेत्याच्या ऑफिसातून तक्रारींमध्ये ढवळाढवळ झाली. त्यानंतर २०२२ मध्ये मार्टिन फोर्ड या वकिलांचा अहवाल आला, त्यात काळ्या आणि आशियाई सदस्यांचं दुखणं नोंदवलंय की पक्षात वंशवादाचीही उतरंड आहे, एकाची दखल लगेच आणि दुसऱ्याची सावकाश. कन्झर्वेटिव्ह पक्षात मुस्लिमद्वेषाच्या तक्रारी होत्या, त्यांची चौकशी प्रा. स्वरण सिंग यांनी केली, पण नेमणूक पक्षाचीच. दोन्ही मोठे पक्ष समोरच्याच्या घाणीकडे बोट दाखवतात, स्वतःच्या अंगणात मात्र बाहेरचा माणूस नको असतो.

प्रश्न: सर, तिकडे वंशवादी बोलल्यामुळे कोणाचं पद खरंच गेलंय का? आणि मतदार स्वतः खासदाराला घरी पाठवू शकतात असं ऐकलं, ते खरं का?
(एक विद्यार्थी, धुळे)

उत्तर: गेलंय की. २० एप्रिल १९६८ ला कन्झर्वेटिव्ह खासदार इनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅममध्ये बाहेरून आलेल्यांविरुद्ध ते जहरी भाषण केलं आणि दुसऱ्याच दिवशी, रविवार असून, पक्षाचे नेते एडवर्ड हीथ यांनी फोन करून त्यांना शॅडो कॅबिनेटमधून, म्हणजे विरोधी पक्षाच्या प्रति-मंत्रिमंडळातून, काढलं. त्यानंतर गोदीतले कामगार पॉवेल यांच्या बाजूने मोर्चा घेऊन आले, म्हणजे लोकमत बरंचसं उलटं होतं, तरी हीथ हलले नाहीत. मी तर म्हणतो आजच्या नेत्यांनी एवढं एक उदाहरण तरी डोळ्यापुढे ठेवावं.

उलटं उदाहरण अंबर रड. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियनमधून कायदेशीर आलेल्या, आयुष्यभर टॅक्स भरलेल्या लोकांना कागद नाहीत म्हणून नोकरीवरून, दवाखान्यातून, काहींना तर देशातूनच काढलं, ते विंडरश प्रकरण २०१८ मध्ये फुटलं. रड गृहमंत्री होत्या, त्यांनी एप्रिलमध्ये राजीनामा दिला, तो पण लोकांना हाकलण्याचे आकडे ठरवले होते का यावर खासदारांच्या कमिटीपुढे चुकीची माहिती दिली म्हणून. नोव्हेंबरमध्ये त्या दुसऱ्या खात्याच्या मंत्री. आणि ज्यांची घरं-नोकऱ्या गेल्या त्यांच्या नुकसानभरपाईची योजना त्यानंतर, एप्रिल २०१९ मध्ये सुरू झाली. मंत्रीणबाईंचं पुनर्वसन आधी झालं, पीडितांचं नंतर.

खासदार परत बोलवायचा कायदा २०१५ चा आहे. खासदाराला तुरुंगवासाची शिक्षा झाली, किंवा सभागृहाने किमान १० कामकाजाच्या दिवसांसाठी निलंबित केलं, तर त्या मतदारसंघात सहा आठवडे सह्या घेतात, १० टक्के मतदारांनी सही केली की जागा रिकामी आणि पोटनिवडणूक. २०१९ मध्ये पीटरबरोच्या खासदार फियोना ओनासान्या अशाच गेल्या. पण आता वर सांगितलेले कॉइल आठवा, त्यांना सभागृहाने निलंबन दिलं ५ दिवसांचं. मतदारांना सहीचा कागदच मिळाला नाही. आणि हेस्टरसारख्या देणगीदारासाठी तर असला कुठलाच रस्ता नाही, तिथला कायदा देणगीदार पात्र आहे का एवढंच तपासतो, तो काय बोलला याच्याशी कायद्याला घेणंदेणं नाही.

प्रश्न: गोऱ्या-काळ्यांच्या भांडणाशी आपल्याला काय करायचंय? इथले विषय घ्या.
(एक वाचक, शहादा)

उत्तर: शहाद्याहून हा प्रश्न आला म्हणून विचारतो. तुमच्याकडे खासदारकीची जागा आदिवासींसाठी राखीव आहे, भिल्ल, पावरा समाजाची माणसं मोठमोठ्या पदांवर जाऊन आली, पण त्यांच्या माघारी चहाच्या टपरीवर त्यांच्याबद्दल काय बोललं जातं ते तुम्ही पण ऐकता आणि मी पण. तसं बोलणाऱ्या कार्यकर्त्याला कुठल्या पक्षाने कधी बाहेर काढलंय? विषय इथलाच आहे भाऊ.

प्रश्न: माझी मुलगी नर्स आहे, इंग्लंडला. २०२४ च्या दंगलीपासून जीव थाऱ्यावर नाही. मनी पोर तठे शे, तिला काय सांगू?
(एक आई, भुसावळ)

उत्तर: माय, तुमची काळजी खोटी नाही. साउथपोर्टला तीन लहान मुलींचा खून झाला, मारेकरी मुस्लिम निर्वासित आहे अशी खोटी अफवा उठली, खरं तर तो मुलगा ब्रिटनमधल्याच कार्डिफ शहरात जन्मलेला, पण तोवर मशिदीवर हल्ला झाला, रॉदरहॅमला निर्वासित राहत होते ते हॉटेल पेटवायला निघाले, संडरलंडला ड्युटीवर निघालेल्या फिलिपिनो नर्सेसवर हल्ला झाला. पण त्याचबरोबर हे पण सांगतो की कोर्टाने काही आठवड्यांत शिक्षा सुरू केल्या, एकाला ९ वर्षांची झाली, आणि ७ ऑगस्टला हजारो सामान्य माणसं दंगलखोरांविरुद्ध रस्त्यावर उतरली, त्यात गोरेही पुष्कळ होते.

मुलीला सांगा, वॉर्डात कोणी रंगावरून बोललं तर गिळून बसू नको, त्याच दिवशी तारीख, वेळ, कोण हजर होतं ते लिहून ठेव, वरिष्ठांना ईमेलने कळव आणि नर्सेसच्या युनियनची मेंबर हो. पेशंट वंशवादी वागत असेल आणि जिवावरचा प्रसंग नसेल तर त्याला उपचार नाकारायची मुभा तिथल्या सरकारी दवाखान्यांना २०२० पासून आहे.

आणि बऱ्याच जणांना माहीत नसलेली गोष्ट, ती भारतीय पासपोर्टवर असली तरी तिथे मत देऊ शकते. कॉमनवेल्थ देशाचा नागरिक, वय १८ पूर्ण, राहायला वैध व्हिसा, एवढं असलं की पार्लमेंटच्या निवडणुकीतही मतदान करता येतं. नाव ऑनलाइन नोंदवायचं, त्याला नॅशनल इन्शुरन्स नंबर लागतो, तो नोकरी करणाऱ्या प्रत्येकाकडे असतो. मतदानाच्या दिवशी फोटोचं ओळखपत्र म्हणून आपला भारतीय पासपोर्ट चालतो. नाव नोंदवलं की तिच्या भागाच्या खासदाराला ती मतदार म्हणून पत्र लिहू शकते, खासदार लोकांना भेटायला बसतात त्या दिवशी समोर जाऊन विचारू शकते की तुमच्या पक्षाने अमक्यावर काय कारवाई केली. नाव नोंदवायला पाच-दहा मिनिटं लागतात, तिला आज रात्रीच्या व्हिडिओ कॉलवर सांगून टाका.