औशाजवळ पूर्ण सागवानी घर: भिंती नव्हे, सांगाडा लाकडाचा करा

औशाजवळच्या 40 बाय 60च्या प्लॉटवर सात माणसांसाठी भिंतींसकट भरीव सागवानाचं घर बांधायचं आहे आणि ते भूकंपात टिकेल का, असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत असं, की घर लाकडाचं जरूर बांधा, पण भिंती ओंडक्यांच्या नकोत. लाकूड खांब, तुळया आणि छताला वापरा, आणि छताचं वजन भिंतींवर येऊच देऊ नका.

लाकूड सगळ्या बाजूंनी सारखं आखडत नाही. ओलं सागवान पूर्ण वाळेपर्यंत आडव्या अंगाने अडीच ते सहा टक्के कमी होतं, लांबीत जवळपास काहीच नाही. म्हणून उभा खांब आहे तेवढाच उंच राहतो. ओंडके आडवे एकावर एक रचले की भिंत बसत जाते. 10 फुटी भिंत 2 टक्के आखडली तरी जवळजवळ अडीच इंच खाली येते, आणि दारं-खिडक्या अडकतात. आपल्याकडे मे महिन्याची कोरडी हवा आणि पाठोपाठ पावसाळ्याची ओल, त्यामुळे लाकडाची हालचाल पुढेही चालूच राहते. शिवाय खर्च बघा. 8 इंच जाडीची 10 बाय 10 फुटांची एकच भिंत 66 घनफूट लाकूड खाते. तेवढ्यात 6 बाय 6 इंची, 10 फुटी 26 खांब निघतात. अख्ख्या घराचे खांब त्यात होतील!

आता भूकंपाचं. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारी परिसरात माणसं मेली ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाची, म्हणजे सपाट मातीच्या छताची, माती अंगावर येऊन. त्या भिंतींत आतला-बाहेरचा थर बांधून ठेवणारे आरपार दगड नव्हते, म्हणून त्या फुटून ढासळल्या. अनेक घरांत मात्र भिंती पडूनही खांब-तुळयांचा सांगाडा उभा होता. आपल्या भागातला हा धडा मी कुठल्याही पुस्तकी नियमापेक्षा मोठा मानतो.

माळवदाचा गारवा मलाही प्रिय आहे. पण 10 बाय 10च्या खोलीवर फूटभर माती म्हणजे साडेचार टनांच्या आसपास ओझं. मंगलोरी कौलं घातली तर तेच अर्ध्या टनावर येतं. कौलांखाली फळ्यांचं छत टाका, मधल्या पोकळीतून वारा खेळू द्या, पागोळ्या भिंतीपासून तीन फूट बाहेर काढा आणि पश्चिमेला पडवी ठेवा. हलकी भिंत लवकर तापते, म्हणून तिच्यावर ऊन पडूच न देणं महत्त्वाचं.

जुन्या घरांत खांब तळखड्यावर, म्हणजे बुडाच्या दगडावर, नुसता उभा असायचा. तळखडा हवाच, जमिनीपासून किमान दीड फूट वर. त्यामुळे खांबाचं बूड कोरडं राहतं आणि वाळवी चढलीच तर तिची मातीची नळी दगडावर लगेच दिसते. पण आता खांबाला स्टीलच्या पट्ट्या लावून बोल्टने पायाशी जखडा. कोपऱ्यांत तिरपे आधार द्या, नाहीतर धक्क्यात सगळी चौकट एका बाजूला कलंडते. भिंती खांबांच्या मध्ये भरलेल्या पातळ विटांच्या किंवा फळ्यांच्या असू द्या. विटा असतील तर जाळीने खांबांना बांधा. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर मात्र विटांचंच करा.

तुळई नेहमी उभी टाका, म्हणजे तिची रुंद बाजू उभी राहील अशी. 4 बाय 8 इंची तुळई आडवी झोपवली तर तिचा ताठपणा चौथाईवर येतो, म्हणजे तेवढ्याच वजनाला चौपट वाकते. सुताराला हे माहीत असतं, पण घाईत एखादी उंचीला जुळवून घ्यायला आडवी पडते. तुम्ही स्वतः उभं राहून बघा. तुळयांची मापं मात्र आयएस 883 या लाकडी बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे इंजिनिअरकडूनच काढून घ्या.

लाकूड आधी, नकाशा नंतर. जुन्या वाड्याचं सागवान मिळालं तर उत्तम, ते केव्हाच वाळलेलं असतं. प्रत्येक नगावर हातोडी मारत जा; पोकळ आवाज आला की बाजूला टाका. जुन्या खाचा जिथे आहेत तिथे तुळई कमी जाडीची धरूनच हिशोब करा. नवं घेणार असाल तर किनवटकडचं किंवा बल्लारशाचं बघा, पण गाभ्याचंच घ्या. कडेचं पांढरं लाकूड वाळवी आधी खाते. चिरलेला माल सावलीत, मध्ये पट्ट्या ठेवून रचा आणि टोकांना तेलरंग फासा, म्हणजे तडे कमी जातात. ओलावा मीटरवर 12 टक्क्यांच्या आसपास आल्याशिवाय जोडणी नको. स्वतःच्या शेतातला साग असला तरी तोडायला 1964च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते आणि वाहतुकीचा परवाना वेगळा.

तुमची जमीन काळी असणार. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि खांब वर-खाली करते. पाया मुरमावरच टेकला पाहिजे आणि वरून सगळे पाये जोत्याच्या बीमने बांधले पाहिजेत. प्लॉटच्या चारही कोपऱ्यांत खड्डे घेऊन मुरूम किती फुटांवर लागतो ते कळवा, मग खांबांतलं अंतर ठरवू.