जुन्या फोनवरची मेल, जुन्या फोनवरचे निरोप

गेल्या महिन्यात ‘नवा फोन न घेता काही होईल का’ असं विचारणारी इतकी पत्रं आली, की या वेळचं सगळं पान त्यांनाच दिलं आहे. मिरजेत १९ वर्षं दुरुस्तीच्या टेबलावर काढल्यावर माझा अनुभव असा, की रेंज आणि रिचार्ज ठीक असूनही जुना फोन जोडला जात नाही, तेव्हा बहुतेक वेळा चारांपैकी एक कारण निघतं. तारीख चुकलेली असते, पासवर्ड घेण्याची पद्धत बदललेली असते, फोनमधली सर्टिफिकेटांची, म्हणजे समोरचा सर्व्हर (मेल-निरोप पोचवणारा दूरचा कॉम्प्युटर) खरा असल्याच्या दाखल्यांची, यादी जुनी झालेली असते, नाहीतर फोनमधल्या अँड्रॉइड किंवा आयओएसच्या आवृत्तीला ॲपवाल्यांनी रामराम ठोकलेला असतो. पहिल्या तिन्हींवर इलाज आहे. चौथ्यावर नाही, पण तिथेही वाचवण्यासारखं पुष्कळ असतं.

ताई, मी निवृत्त शिक्षिका, वय ७१. फोन २०१६ चा, पण नीट चालतो. त्यातल्या ‘ईमेल’ नावाच्या ॲपमध्ये माझा जीमेलचा पत्ता घातला की पासवर्ड चुकला म्हणतो. तोच पासवर्ड नातवाच्या लॅपटॉपवर बिनतक्रार चालतो. सहा वेळा बदलून पाहिला. – वाई

बाई, पासवर्ड बदलणं आधी थांबवा. तो बरोबरच आहे. फोनमधलं जुनं ॲप तुमचा पासवर्ड जसाच्या तसा पुढे पाठवतं, आणि वैयक्तिक खात्यांसाठी गूगलने ही पद्धत ३० मे २०२२ पासून बंद केली. लॅपटॉपवर तुम्ही गूगलच्या स्वतःच्या पानावर पासवर्ड टाकता, म्हणून तिथे अडत नाही. जुन्या ॲपला हा फरक कळत नाही. नकार आला की ते एकच वाक्य दाखवतं: पासवर्ड चुकीचा.

जीमेलचं स्वतःचं ॲप फोनवर चालत असेल तर तेच वापरा, प्रश्न मिटला. चालत नसेल तर नातवाला शेजारी बसवा. लॅपटॉपवर गूगल खात्याच्या ‘सुरक्षा’ विभागात दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) चालू करायची आणि मग ‘ॲप पासवर्ड’ असं शोधायचं. १६ अक्षरांचा एक वेगळा पासवर्ड मिळतो. तो एकदाच दिसतो, म्हणून लगेच फोनमध्ये टाका. मधल्या मोकळ्या जागा टाकायची गरज नाही. फोन सर्व्हरचं नाव विचारेल. येणाऱ्या मेलसाठी ‘आयमॅप डॉट जीमेल डॉट कॉम’ (imap.gmail.com), पोर्ट ९९३. जाणाऱ्या मेलसाठी ‘एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम’ (smtp.gmail.com), पोर्ट ४६५. दोन्हीकडे सुरक्षेच्या रकान्यात एसएसएल निवडा आणि युजरनेम म्हणून पूर्ण मेल पत्ता लिहा. बरेच जण पत्त्याचा पहिलाच भाग लिहितात आणि तिथेच फसतात.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की ॲप पासवर्ड रद्द होतात, तेव्हा पुन्हा नवा काढावा लागतो. आणि पडताळणी चालू केल्यावर गूगल १० राखीव कोड देतं, ते वहीत उतरवून बँकेच्या पासबुकाजवळ ठेवा. फोन हरवला तर खात्यात शिरायला तेच उपयोगी पडतील.

द्राक्षाच्या शेडवर एक जुना फोन ठेवलाय. महिनाभर बंद राहिला. चार्ज करून लावला तर व्हॉट्सॲप तारीख चुकीची म्हणतंय आणि मेल सर्टिफिकेटची तक्रार करतेय. घड्याळ तर बरोबर दिसतंय. – तासगाव

दादा, घड्याळातलं साल बघा. तास-मिनिटं सगळे बघतात, साल कोणी बघत नाही. बॅटरी पार उतरली की पुष्कळ जुने फोन कारखान्यातून निघतानाच्या तारखेवर परत जातात. सर्व्हरच्या प्रत्येक सर्टिफिकेटवर ‘या दिवसापासून या दिवसापर्यंत’ असं लिहिलेलं असतं. फोन स्वतःला २०१४ सालात समजत असेल तर आजचं सर्टिफिकेट त्याच्या हिशेबाने अजून जन्मायचं आहे, म्हणून तो ते नाकारतो. सेटिंग्जमध्ये तारीख-वेळ ‘आपोआप’वर ठेवा. मळ्यात रेंज नसेल तर आपोआप काही होणार नाही, तेव्हा दिवस, महिना, साल हाताने घाला आणि टाइम झोन भारताचा, म्हणजे अधिक ५:३०, आहे ना ते पाहा.

तारीख किती जड पडते हे आयफोन ५ वाल्यांनी २०१९ मध्ये पाहिलं. जीपीएस उपग्रह वेळ सांगताना आठवडे मोजतात, आणि ती मोजणी १०२४ आठवड्यांनी शून्यावर येते. एप्रिल २०१९ मध्ये ती आली. आयफोन ५ वर ३ नोव्हेंबर २०१९ च्या आत आयओएस १०.३.४ घ्या, नाहीतर मेल, ब्राउझिंग, ॲप स्टोअर, आयक्लाउड हे तारखेवर चालणारं सगळं अडेल, असं ॲपलला जाहीर करावं लागलं. मुदत चुकली की अपडेट फोनवरून घेता येत नाही, फोन कॉम्प्युटरला जोडावा लागतो. कपाटातून असा फोन निघाला तर आधी एवढं करा.

पतसंस्थेत कारकून आहे. संस्थेची स्वतःची मेल आहे, जीमेल नाही. माझ्या अँड्रॉइड ६ च्या फोनवर ‘सर्टिफिकेट विश्वासार्ह नाही’ येतं, साहेबांच्या नव्या फोनवर काहीच अडचण नाही. तारीख बरोबर आहे, सालसुद्धा. – इचलकरंजी

तुमचं पत्र वाचून बरं वाटलं. साल तपासून मग लिहिलंत, म्हणजे निम्मं काम तुम्हीच केलंत.

कोणाच्या सहीच्या सर्टिफिकेटावर विश्वास ठेवायचा याची यादी फोनमध्ये कारखान्यातूनच येते. जुन्या अँड्रॉइडमध्ये ही यादी पूर्ण फोन अपडेट झाल्याशिवाय बदलत नाही, आणि तुमच्या फोनला अपडेट येणं केव्हाच थांबलं आहे. लहान संस्थांचे पुष्कळ सर्व्हर लेट्स एनक्रिप्ट या विनानफा संस्थेची मोफत सर्टिफिकेटं वापरतात. तिचं मूळ सर्टिफिकेट (ज्याच्या सहीवर बाकीची टिकतात ते) ‘आयएसआरजी रूट एक्स१’ अँड्रॉइडच्या यादीत आलं ते ७.१.१ पासून. त्याआधीच्या फोनांसाठी दुसऱ्या एका जुन्या मूळ सर्टिफिकेटाची साक्ष चालायची. त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ ला संपली. पण अँड्रॉइड मूळ सर्टिफिकेटाची मुदत तपासत नाही, आणि त्याच आधारावर जुन्या फोनांची सोय आणखी तीन वर्षं चालवली गेली. ३० सप्टेंबर २०२४ ला तीही संपली. लाखमोलाची सोय होती ती. कितीतरी जुने फोन तेवढ्यावर तगले.

आधी खात्री करा. कॉम्प्युटरवर संस्थेच्या वेबमेलचं पान उघडून पत्त्याजवळच्या कुलपाच्या (काही ब्राउझरांत दोन आडव्या रेषांच्या) खुणेवर क्लिक करून आत गेलं की सर्टिफिकेट कोणी दिलंय ते दिसतं. लेट्स एनक्रिप्टचं निघालं तर त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून ‘आयएसआरजी रूट एक्स१’ची फाइल उतरवा, केबलने फोनमध्ये टाका आणि सेटिंग्जमधल्या ‘सुरक्षा’खाली ‘स्टोरेजमधून इन्स्टॉल करा’ निवडा. फोनला पिन किंवा पॅटर्न नसेल तर तो आधी लावायला सांगेल. नंतर ‘नेटवर्कवर नजर ठेवली जाऊ शकते’ असा इशारा येईल. हाताने सर्टिफिकेट घातलं की तो येतोच, या वेळी घाबरू नका. हा उपाय अँड्रॉइड ६ पर्यंतच धरा. ७ पासून बहुतेक ॲप हाताने घातलेलं सर्टिफिकेट मानत नाहीत.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. मेल ॲपच्या सेटिंगमध्ये ‘सगळी सर्टिफिकेटं स्वीकारा’ असा पर्याय दिसेल. तो निवडला की मेल लगेच सुरू होते, म्हणून काही जण तेच करून देतात. तुमच्या मेलमध्ये लोकांच्या ठेवींचे आकडे आहेत. त्या सेटिंगवर एसटी स्टँडच्या वायफायला कोणी मधे बसला तर तुमचा पासवर्ड त्याच्या हातात जातो. आणि सर्टिफिकेटची फाइल कोणी व्हॉट्सॲपवर पाठवली तर ती घेऊ नका, मग पाठवणारा सख्खा भाऊ का असेना.

दिवसभर एकही मेसेज येत नाही, ॲप उघडलं की एकदम चाळीस. – फोंडा, गोवा

बॅटरी वाचवण्यासाठी फोन ॲपला झोपवतो. अँड्रॉइड ६ पासून ही सोय फोनमध्येच आहे. सेटिंग्जमध्ये बॅटरी ऑप्टिमायझेशनच्या यादीतून व्हॉट्सॲप आणि मेल दोन्ही बाहेर काढा. काही कंपन्यांच्या फोनांत ‘ऑटोस्टार्ट’ नावाचं वेगळं बटण असतं, तेही चालू करा. ‘क्लीनर’ नावाचं काही घातलं असेल तर काढून टाका.

सिम बदलून आणलं, कालपासून बँकेचा ओटीपी नाही. – बार्शी

फोन ठीक आहे. सिम बदलल्यावर फसवणूक टाळण्यासाठी २४ तास एसएमएस बंद ठेवतात. उद्यापर्यंत थांबा.

ताई, यजमान गेल्याला आता वर्ष होईल. त्यांचा फोन अँड्रॉइड ४.४ चा. त्यावर व्हॉट्सॲप उघडलं की अपडेट करा म्हणतं, आणि अपडेट करायला गेलं की हा फोन चालणार नाही म्हणतं. त्यांनी मला आणि मुलीला पाठवलेले आवाजातले निरोप त्यात आहेत. दुकानात म्हणाले रीसेट करून बघू. करू का? – रत्नागिरी

नाही. काकू, हे पान हातात पडेपर्यंत केलं नसेल तर अजिबात करू नका. अपडेट, अनइन्स्टॉल, क्लिअर डेटा यांतलं काहीही दाबू नका. फोन चार्ज करा, विमान मोड लावा आणि कपाटात ठेवा.

२०१७ मध्ये एका आजोबांचा फोन माझ्या टेबलावर आला. फार अडकत होता. मी रीसेट करून दिला, विचारलं काहीच नाही. त्यात त्यांच्या गेलेल्या बहिणीने म्हटलेल्या ओव्यांचे तुकडे होते, दळताना म्हणायची त्या चालीवर. आजोबा रागावले नाहीत. फोन खिशात घालून जिना उतरून गेले. तेव्हापासून फोन हातात घेतला की मी आधी विचारते, यात कोणाचा आवाज आहे का? उत्तर वहीत लिहिते आणि मगच स्क्रू ड्रायव्हर उचलते.

२४ ऑक्टोबर २०२३ पासून व्हॉट्सॲपने अँड्रॉइड ५ च्या आधीच्या फोनांना रामराम ठोकला. त्या फोनवर ते पुन्हा चालणार नाही. पण आवाज व्हॉट्सॲपच्या सर्व्हरवर नाहीत, फोनमध्येच साध्या फाइली होऊन पडले आहेत. त्या घ्यायला व्हॉट्सॲप उघडावंही लागत नाही.

मुलीला बोलवा. डेटा जाणारी केबल घ्या, नुसत्या चार्जिंगच्या केबलवर काही दिसणार नाही. कॉम्प्युटरला जोडल्यावर फोनच्या वरच्या पट्टीतून ‘मीडिया डिव्हाइस’ निवडा. मग फोनच्या मेमरीत व्हॉट्सॲप, त्यात मीडिया, त्यात व्हॉइस नोट्स. तिथे दर आठवड्याचा एक फोल्डर असतो. त्याच्या नावात आधी साल आणि मग त्या सालातला कितवा आठवडा, असे सहा आकडे. आत प्रत्येक फाइलच्या नावात तारीख असते. मुलीच्या वाढदिवसाचा निरोप हवा असेल तर तारखेवरून सापडेल. आलेले आणि गेलेले दोन्ही निरोप एकाच फोल्डरमध्ये असतात, कोणाचा कोणता हे नावात नसतं, म्हणून ऐकून एका कागदावर लिहीत जा. सावकाश करा, एका दिवसात उरकायची घाई नको. पूर्ण व्हॉट्सॲप फोल्डरच कॉपी करा म्हणजे फोटोही येतील. फाइली वाजल्या नाहीत तर व्हीएलसी हा मोफत प्लेयर घाला. एक प्रत कॉम्प्युटरवर, दुसरी पेन ड्राइव्हवर मुलीच्या घरी.

लिहिलेल्या मेसेजचं काम अवघड आहे. ते ‘डेटाबेसेस’ या फोल्डरमध्ये कुलूपबंद असतात आणि उघडायला त्याच नंबरवर आलेला कोड लागतो. नंबर अजून चालू असेल तर आधी तो टिकवा. ९० दिवस न वापरलेलं प्रीपेड सिम बंद होऊ शकतं, आणि मग नंबर दुसऱ्या कोणाला मिळतो. मृत्यूचा दाखला आणि तुमचं ओळखपत्र घेऊन सिम कंपनीच्या दुकानात जा, नंबर तुमच्या नावावर करून मागा. मग दुसऱ्या फोनवर व्हॉट्सॲप घालण्याआधी तो फोल्डर ‘अँड्रॉइड’, ‘मीडिया’, ‘कॉम डॉट व्हॉट्सॲप’, ‘व्हॉट्सॲप’ या क्रमाने आत ठेवायचा. व्हॉट्सॲप घालून नंबर पडताळला की ते जुना बॅकअप घ्यायचा का असं विचारेल. इतका जुना बॅकअप उघडेलच असं धरून चालू नका. म्हणून आवाज आधी, अक्षरं नंतर.

कॉम्प्युटरवर फोन दिसलाच नाही तर तो कोणाकडे सोडून येऊ नका. मासिकाच्या पत्त्यावर दोन ओळी टाका. एखाद्या रविवारी आंबा घाट उतरून मीच येते, केबल घेऊन. तुमच्यासमोर बसून करू.