‘वेल’ म्हणजे पहिली स्टेज नव्हे

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील ५४ वर्षांचे, डाव्या गालात आतून दोन महिने न भरणारी जखम, तुकडा तपासला तर ‘वेल डिफरन्शिएटेड स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’. काका म्हणतात सुरी लागली की पसरतो. आई म्हणते त्यांना सांगायचंच नाही. आणि तुम्ही विचारताय, ‘वेल’ लिहिलंय म्हणजे पहिली स्टेज ना?

नाही. इथेच घोटाळा होतो, आमच्याकडेही झाला होता. ‘वेल’, ‘मॉडरेट’, ‘पुअर’ हा ग्रेड. त्या पेशी मूळच्या चांगल्या पेशींशी किती मिळत्याजुळत्या दिसतात, एवढंच तो सांगतो. रोग कुठवर पोचलाय ते स्टेज सांगते आणि ती नुसत्या तुकड्यावरून ठरत नाही. गाठ किती सेंटिमीटरची, किती खोल, जबड्याच्या हाडाला लागली का, मानेत उतरली का, हे डॉक्टर बोटाने चाचपून आणि सीटी किंवा एमआरआय बघून ठरवतात. ‘स्क्वॅमस’ म्हणजे तोंडाच्या आतल्या अस्तराच्या पेशी. तोंडाचे बहुतेक कॅन्सर याच जातीचे, तेव्हा त्या शब्दात वेगळं भयंकर असं काही नाही.

आता माझं सांगतो. मी वायरमन. खांबावर चढायच्या आधी तंबाखू-चुना मळून गालात दाबायचा, २२ वर्षं, कायम डावीकडेच. बार जिथे तासन् तास बसतो तिथेच रोग उगवतो, म्हणून तर गाल आणि हिरडीच्या मधल्या खोबणीचा कॅन्सर आपल्याकडे एवढा दिसतो. २०१४ साली दाढ हलायला लागली. दातांच्या डॉक्टरांनी ती काढली, जखम भरेना म्हणून तीन महिने मलम दिलं. त्या तीन महिन्यांचा राग मला अजून आहे, पण तंबाखू काही त्यांनी खाल्ली नव्हती.

पुढे मोठ्या दवाखान्यात ‘चौथी स्टेज’ एवढंच कानावर पडलं आणि भावाने बाहेर बाकावरूनच गावी फोन लावला, सगळं संपलं म्हणून. मावशी रात्रीच्या एसटीने निघालीसुद्धा. दुसऱ्या दिवशी सर्जनबाईंनी कागदावर जबडा काढून दाखवला. तोंडाच्या कॅन्सरने जबड्याचं हाड पोखरलं की तो चौथ्या स्टेजमध्येच धरतात, ‘फोर-ए’. फुफ्फुसात किंवा आणखी लांब गेला तर ‘फोर-सी’. लोक दोन्हीला चौथीच म्हणतात, पण फोर-एमध्ये ऑपरेशन करून रोग मुळातून काढायचा प्रयत्न होतो. माझा फोर-ए होता. अर्धा जबडा गेला, हे उत्तर लिहायला मी आहे. म्हणून तुम्हाला कुणी नुसता आकडा सांगितला तर पुढचं अक्षर विचारा.

काकांशी भांडू नका, पण त्यांचं ऐकूही नका. आमच्या भावकीतला एक जण ऑपरेशननंतर चार महिन्यांत गेला, तेव्हापासून ‘कापलं म्हणून गेला’ हे पक्कं झालं. आठ महिने झाडपाला करून, तोंडात चमचा जाईना तेव्हा तो दवाखान्यात गेला होता, हे मात्र कुणी सांगत नाही.

दुसरा वाद मानेवरून होईल. मानेत हाताला काही लागत नसलं तरी सर्जन तिथल्या लसिकांच्या गाठी (लिम्फ नोड, त्या प्रत्येकाच्या मानेत असतातच) काढू म्हणतील आणि घरचे म्हणतील, नसलेल्या दुखण्याला कशाला कापायचं? नेमक्या याच प्रश्नावर परळच्या टाटा हॉस्पिटलात डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या पथकाने अभ्यास केला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. रोग सुरुवातीचा, मान वरून स्वच्छ, असेच रुग्ण घेतले होते. पहिल्याच ऑपरेशनात मानेतल्या गाठी काढल्या त्यांच्यात तीन वर्षांनी हयात असण्याचं प्रमाण ८० टक्के निघालं, ‘आल्या तर बघू’ म्हणून थांबलेल्यांत ६७.५ टक्के. खांदा मात्र धरतो. मला हात वर नेता येईना, खांब सुटला, टेबलावरचं काम आलं. व्यायाम पहिल्या महिन्यापासून केला असता तर कदाचित एवढं झालं नसतं, आळस नडला.

पैशांचं आधी बघा. महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू असलेल्या दवाखान्यात ‘आरोग्यमित्र’ बसतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला ऑपरेशनच्या आधी भेटा, कारण मंजुरी आधी लागते. परळला गेलात तर राहायला दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, पेशंटची फाईल जवळ ठेवा. ऑपरेशननंतर शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचे ठरले तर साधारण ३० असतात, आठवड्यातून पाच, म्हणजे सहा आठवडे मुक्काम धरून चाला. आणि शेक सुरू व्हायच्या आधी सगळे दात तपासून घ्या. किडके दात आधीच काढतात, कारण शेकानंतर दात काढला तर जबड्याचं हाड भरून येताना फार त्रास देतं. हे आम्हाला उशिरा कळलं.

आईचं मन कळतं. पण ऑपरेशनच्या कागदावर सही वडिलांचीच लागणार, आणि कॅन्सरच्या दवाखान्याची पाटी त्यांना वाचता येतेच. माझ्या घरच्यांनी चार दिवस ‘गाठ आहे साधी’ चालवलं. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी त्यांच्यासाठी गप्प, ते माझ्यासाठी गप्प. त्या चार दिवसांइतकं एकटं मला शेकाच्या वेळीही वाटलं नाही. तुम्ही सांगा, आईला शेजारी बसवून सांगा, आणि त्याच बैठकीत तंबाखूची पुडी मागून घ्या. सुटत नसेल तर १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत नंबर आहे.

शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलंत, भाऊ ‘नुसती सुपारीच’ खातो. तंबाखू नसली तरी सुपारीने कॅन्सर होतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ सालीच तसं जाहीर केलंय. सुपारीने गाल आतून ताठ होतो आणि तोंड हळूहळू कमी उघडायला लागतं. त्याला आज आरशासमोर उभं करा, तीन बोटं एकावर एक धरून तोंडात घालायला सांगा. जात नसतील तर वडिलांच्या स्कॅनच्या दिवशी त्यालाही बरोबर न्या.