अमेरिकन राजकारणावर पीएचडी करायची असल्यास आधी संख्याशास्त्रीय पद्धत शिकावी की आधी संशोधनाचा प्रश्न निवडावा?

आधी प्रश्न निवडावा. अमेरिकेत पीएचडी करताना माझ्या गाईडने मला नेमका उलटा सल्ला दिला होता आणि त्यावरून आमचे जे बिनसले ते आजही मिटलेले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

त्या काळात आमच्या विभागात रिग्रेशन डिसकन्टिन्युइटीची, म्हणजे एखाद्या सीमारेषेच्या अगदी अलीकडच्या आणि पलीकडच्या उदाहरणांची तुलना करून परिणाम मोजण्याच्या संख्याशास्त्रीय पद्धतीची, चलती होती. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड ली यांनी २००८ च्या शोधनिबंधात ही पद्धत अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या, म्हणजे प्रतिनिधिगृहाच्या, निवडणुकांना लावली होती. निसटत्या फरकाने जिंकलेल्या आणि हरलेल्या उमेदवारांत अन्यथा फारसा भेद नसतो, निकाल जवळजवळ नाणेफेकीसारखा लागतो, त्यामुळे पुढच्या निवडणुकीत दिसणारी तफावत ही जागा हाती असल्याचाच परिणाम मानता येते, असा त्यामागचा युक्तिवाद. गाईडचे म्हणणे असे, की पद्धत तयार आहे, निकालांची आकडेवारी फुकट मिळते, तेव्हा तिच्यात बसेल असा विषय शोध.

मी चर्चासत्रात इंडियाना राज्याच्या आठव्या मतदारसंघातली प्रतिनिधिगृहाची १९८४ ची निवडणूक मांडली. राज्याने रिपब्लिकन रिचर्ड मॅकइंटायर यांना विजयी घोषित केले होते. परंतु सदस्यांच्या निवडीचा निवाडा करण्याचा अधिकार राज्यघटनेने सभागृहालाच दिलेला असल्यामुळे डेमोक्रॅटिक बहुमताच्या प्रतिनिधिगृहाने त्यांना जागा नाकारली, स्वतःची फेरमोजणी करवली आणि मे १९८५ मध्ये डेमोक्रॅट विद्यमान सदस्य फ्रँक मॅक्लॉस्की यांना ४ मतांनी विजयी ठरवले. कोणत्या टपाली मतपत्रिका मोजायच्या यावरचा वादही पक्षनिहाय मतदानानेच सुटला, आणि रिपब्लिकन सदस्य निषेधार्थ सभात्याग करून बाहेर पडले. याला नाणेफेक म्हणायचे असेल, तर नाणे कोणाच्या हातात होते हेही विचारायला हवे. एका मतदारसंघाने काही सिद्ध होत नाही, एवढे म्हणून गाईडने विषय संपवला. सिद्ध होत नाही हे खरे, पण तपासायला कारण तर मिळते!

ते तपासले डेव्हिन कॉघी आणि जसजीत सेखों या राज्यशास्त्रज्ञांनी. १९४२ ते २००८ मधील सर्वांत अटीतटीच्या लढतींतही विजेते आणि पराभूत निवडणुकीपूर्वीच वेगळे होते, जागा ज्या पक्षाकडे होती तोच पक्ष अधिक वेळा जिंकत होता आणि पैशाचे पारडेही विजेत्यांकडे झुकलेले होते, असे त्यांनी २०११ मध्ये दाखवले. तो निबंध मी गाईडला पाठवला. त्यावर उत्तर आले नाही.

पद्धतींबद्दल थोडक्यात सांगायचे, तर रिग्रेशन (घटकांमधला संबंध मोजण्याची पद्धत), सर्वेक्षणातील भारांकन (नमुना लोकसंख्येशी जुळावा म्हणून उत्तरांना कमी-जास्त वजन देणे) आणि बहुस्तरीय प्रारूपे (मतदार, मतदारसंघ, राज्य असे स्तर एकत्र हाताळणारी) पक्की करा आणि १९४८ पासून चालत आलेल्या अमेरिकन नॅशनल इलेक्शन स्टडीज या मतदार-सर्वेक्षणाची प्रश्नावली मुळातून वाचा. बाकीचे सारे, तुमचा संशोधनाचा प्रश्न मागेल तसे, शिकता येते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. अँड्रू एगर्स आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अनेक देशांतल्या ४०,००० हून अधिक अटीतटीच्या लढती तपासल्या, तेव्हा विजेते आणि पराभूत यांच्यातला असा असमतोल दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकी प्रतिनिधिगृहाखेरीज इतरत्र आढळला नाही. म्हणजे पद्धत टाकाऊ नाही. पण ती कुठे चालेल हे त्या सभागृहाचे नियम, फेरमोजणीचे अधिकार आणि पक्षांची यंत्रणा वाचल्याशिवाय कळत नाही, आणि माझ्या गाईडला नेमके तेच वाचन वेळेचा अपव्यय वाटत असे. तुमच्या गाईडचेही तसेच मत असेल, तर पहिल्याच वर्षी दुसरा गाईड शोधा.