आधी कायम झाल्याचं पत्र, मग बाकीचं

सप्रेम नमस्कार.

आपण समलिंगी आहोत हे शिकवायला लागल्यावर विभागात सांगावं का, असं विचारलं आहेस. सांग, पण आधी नेमणूक कुठली आहे ते बघ. तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे तासाच्या हिशेबाने मानधन घेणाऱ्या माणसाला कुणी काढत नाही. पुढच्या वर्षी बोलावणंच येत नाही, आणि कारण कागदावर उरत नाही. पूर्णवेळ पदावर असलास-असलीस तरी परिविक्षा (प्रोबेशन) संपून कायम झाल्याचं पत्र हातात पडेपर्यंत थांबण्यात भित्रेपणा काही नाही. तोवर दोन भरवशाची माणसं पुरेत, त्यातलं एक विभागाबाहेरचं.

डॉ. रामचंद्र सिरस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत. फेब्रुवारी 2010 मध्ये कॅमेरा घेऊन माणसं त्यांच्या विद्यापीठाच्या क्वार्टरमध्ये घुसली, आणि समलिंगी संबंधांवरून निलंबन झालं ते त्यांचंच. 1 एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. 7 एप्रिलला ते मृतावस्थेत सापडले. 2018 मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 ची टांगती तलवार गेली. तरी क्वार्टर घेतलं की घर आणि नोकरी एकाच मालकाच्या हाती जातात. परवडत असेल तर बाहेर भाड्याने राहा.

जोडीदार असेल तर रुजू होताना नामनिर्देशनाचे, म्हणजे आपल्यामागे पैसे कुणाला द्यायचे त्याचे फॉर्म घाईत भरू नकोस. गाडी अडते ती 'नाते' या रकान्यात. आईवडील तुझ्यावर अवलंबून असतील तर कायद्याच्या लेखी ते तुझं कुटुंब. मग ग्रॅच्युइटीला जोडीदाराचं नाव लिहिलंस तर ते रद्दबातल. 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने समलिंगी लग्नाची वाटही उघडली नाही. बँकेत मात्र संयुक्त खातं आणि नॉमिनी दोन्ही चालतं, अर्थ मंत्रालयाने 2024 मध्ये तसं स्पष्ट केलंय. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, म्हणून मृत्युपत्रही कर. दोन साक्षीदार लागतात, ते जोडीदाराखेरीज दुसरे घे.

उघडपणे राहिल्यावर विद्यार्थी मन मोकळं करायला दाराशी येतात. हे मोलाचं, पण बढतीच्या गुणांत त्याला जागा नाही. आठवड्याचे दोन तास ठरव, समुपदेशकाचा नंबर जवळ ठेव. त्यांच्यापैकी कुणाचा इतर विद्यार्थ्यांकडून लैंगिकतेवरून छळ होत असेल तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) रॅगिंगविरोधी नियमांतल्या 2016 च्या दुरुस्तीनुसार ते रॅगिंगच. समजूत काढत बसू नकोस, लेखी तक्रार करायला लाव.

समलिंगी लोकांवर संशोधन करशील तर मुलाखतीत आपलं माणूस म्हणून लोक तुझ्याशी मोकळं बोलतील. गोची तिथेच आहे. ऐन मुद्द्यावर "तुला माहीतच आहे ना" म्हणून पुढे सरकतात, आपण मान डोलावतो, आणि नंतर लिहून काढताना तिथे काहीच नसतं. तेव्हा लगेच म्हणायचं, "मला माहीत नाही असं समजून सांगा."