4294967297 ही मूळ संख्या आहे का, आणि तिचे इतर गुणधर्म कोणते?

ती मूळ नाही. 641 आणि 6700417 हे तिचे दोन मूळ अवयव आहेत. भाजकांची बेरीज 4301668356 भरते, परंतु अशी यादी कोणतेही गणकयंत्र देईल आणि तिच्यावरून संख्येची ओळख होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

2 च्या 32व्या घातात 1 मिळवला की ही संख्या येते. 2 च्या 1, 2, 4, 8, 16, 32 अशा दुपटीने वाढणाऱ्या घातांत 1 मिळवून येणाऱ्या संख्यांना फर्मा संख्या म्हणतात. 3, 5, 17, 257, 65537 या तिच्या आधीच्या पाचही फर्मा संख्या मूळ असल्यामुळे हीही मूळ असावी असे गणिती फर्माला 1640 मध्ये वाटले, आणि 1732 मध्ये गणिती ऑयलरने ते खोटे ठरवले.

शाळेत आमच्या शिक्षकांनी एवढेच सांगून अवयव शोधायला लावले, तेव्हा मी 3 पासून एकेका मूळ संख्येने कागदावर भागत गेलो आणि तिसऱ्या संध्याकाळी, 115व्या भागाकाराला, 641 पाशी बाकी शून्य आली. शिक्षकांनी वही पाहून सर्वांसमक्ष सांगितले की ही हमाली आहे, गणित नव्हे. या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव 64 च्या एखाद्या पटीहून 1 ने मोठा असावा लागतो, त्यामुळे 193, 257, 449, 577 आणि 641 एवढे पाचच भागाकार पुरतात. नियम अचूक आहे, पण त्यांचा निवाडा मला तेव्हाही पटला नाही आणि आजही पटत नाही, कारण वाचलेल्या 110 भागाकारांचे मोल त्या वर्गात फक्त मला कळले होते.

641 च का, याचेही सुंदर उत्तर आहे. 641 म्हणजे 5 गुणिले 128 अधिक 1, तसेच 625 अधिक 16. पहिल्या रूपावरून 5 चा चौथा घात गुणिले 2 चा 28वा घात यास 641 ने भागल्यास बाकी 1 उरते, आणि दुसऱ्या रूपावरून त्यातील 625 च्या जागी उणे 16 घेतले की 2 चा 32वा घात अधिक 1 यास 641 ने नि:शेष भाग जातो. शिवाय ही संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून दोन प्रकारे मांडता येते: 65536 व 1 यांचे वर्ग, किंवा 62264 व 20449 यांचे. मूळ संख्येला अशी दुसरी मांडणी कधीच नसते.

म्हणून आपण नियम वाचण्याआधी काही भागाकार स्वतः करावेत. अर्थात पुढच्या फर्मा संख्येला, म्हणजे 2 चा 64वा घात अधिक 1 हिला, माझी पद्धत पुरणार नाही. तिचा लहान अवयव 274177 आहे आणि तिथवर वीस हजारांहून अधिक मूळ संख्या आहेत. मात्र तिथे शिक्षकांच्या धर्तीचा नियम लावला, तरी 256 च्या पटींहून 1 ने मोठ्या संख्यांच्या रांगेत 274177 हा 1071वा येतो, आणि त्यांतील संयुक्त संख्या वगळूनही शंभराहून अधिक भागाकार कोणाला तरी करावेच लागतात.