कासुरी शिकताय? आधी रांजण सांभाळा

कुरुमे कासुरी, म्हणजे जपानच्या कुरुमेतलं, सूत जागोजागी बांधून रंगवून मग विणलेलं नक्षीचं कापड, शिकायला घेतलं, की सगळ्यांना माग हवा असतो. खरी परीक्षा निळीच्या रांजणाची, ज्यात सूत रंगवतात. त्यात पडतो जपानमधल्याच तोकुशिमाचा सुकुमो. तो म्हणजे तयार नीळ नव्हे. तो सुमारे 100 दिवस कुजवलेला निळीच्या झाडाचा पाला. त्यातली नीळ पाण्यात विरघळत नाही. ती विरघळवायचं काम जिवाणू करतात, आणि त्यांना लागतं लाकडाच्या राखेचं निवळलेलं पाणी, ऊब आणि खायला गव्हाचा कोंडा.

पीएच 10.5 च्या आसपास ठेवा. फार खाली घसरला की नको ते जिवाणू माजतात आणि कुजकट वास येतो. मग चुना घाला, पण चिमटीचिमटीने. एकदम ओतलात तर कामाचे जिवाणूही मंदावतात. रोज तळापासून ढवळायचं, मात्र रंगवण्याच्या तोंडावर नाही. वर आलेला गाळ सुतावर बसतो. जांभळट साय आणि निळा फेस धरल्याशिवाय सूत बुडवू नका.

बांधलेलं सूत आधी भिजवून पिळा. पातळ रंगाच्या रांजणापासून सुरुवात, मग दाट रंगाचा. बाहेर काढल्यावर हिरवट दिसणारं सूत हवा लागली की निळं होतं. कुरुमेत ते पिळून जमिनीवर आपटतात: सूत फुगतं, आतपर्यंत हवा पोचते. आळस केलात तर वर गडद, आत फिकट. गडद निळ्यासाठी हे 20-30 वेळा. गाठ सैल असेल तर नक्षीत निळं शिरणारच. नंतर उपाय नाही.

आणि रासायनिक नीळ मिसळलीत तर विकताना तसं सांगा. सुकुमो करणारी घरं मोजकीच उरलीत.